केवढी लिहायची पोस्ट?

ऑनलाइन रोलप्ले करणाऱ्यांमध्ये एक भांडण कधीच मिटत नाही, पोस्ट केवढी लिहायची. दोघा-तिघांनी आळीपाळीने टाइप करत एक गोष्ट पुढे न्यायची, प्रत्येकाचं एकेक पात्र, एवढाच तर खेळ. पण एक जमात अशी की पात्राने नुसतं दार उघडलं तरी बिजागरीच्या गंजापासून सुरुवात करणार, आणि दुसरीचं काय, तर "तो आत आला." विषय संपला.

पूर्वी हा प्रश्न फारसा नसावा. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा कॉम्प्युटर गेम सुरू केला, पुढे रिचर्ड बार्टलने वाढवला. सगळा गेम अक्षरांतच, पण खोली कशी दिसते ते गेमच सांगायचा, म्हणजे वर्णन आयतं, आणि समोरचा त्याच क्षणी तिकडे हजर, मग कोण कशाला पल्लेदार वाक्यं लिहीत बसेल? उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालतं म्हटल्यावर मात्र माणसं सुटली. आता डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर फुकट अकाउंटला एका मेसेजमध्ये २००० कॅरेक्टर मिळतात, तर ते पुरत नाहीत म्हणून एकेका पोस्टचे तीन तुकडे करून टाकणारे आहेतच.

मी स्वतः आखडत्या हाताचा, तरी कमी लिहिणाऱ्यांचं "वाचकाला समजून घेऊ द्या" हे मला इथे पटत नाही. कथेत चालतं हो ते, कारण पुढचं वाक्यही लेखकाच्याच हातात असतं. इथे वाचकाला उत्तर द्यायचंय! मी मुसाफिरखाना भरून लोक, पाऊस, कोपऱ्यात रक्ताळलेला माणूस असं सगळं मांडलं आणि पलीकडून आलं, "तिने मान डोलावली." कशाला डोलावली बाई? ती घाबरलीय, कंटाळलीय, की खंजीर काढणारे? तिथे चेहरा दिसत नाही ना.

पण लांब लिहिणाऱ्यांचा खरा गुन्हा विशेषणं हा नाहीच, ते वेळ खातात. त्यांचं पात्र पहिल्या परिच्छेदात विचारतं, "तू कोण?", दुसऱ्यात उत्तराची वाट न बघता दारू ओततं, तिसऱ्यात लहानपणीची आग आठवतं, चौथ्यात म्हणतं, "बरं, नको सांगूस," आणि उठून खिडकीशी जातं. आता मी बोलू कुठे? पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यावं तर तो केव्हाच खिडकीशी गेलाय, न द्यावं तर माझं पात्र चार परिच्छेद ठोंब्यासारखं उभं.

मराठीत खेळायला गेलं की अजून एक गंमत होते. संवाद झकास जमतात, एकेक जण गावच्या बोलीत असा सुटतो की बस्स, आणि वर्णनाची वेळ आली की सगळ्यांचे हात शाळेच्या निबंधात जातात, "मंद वारा वाहत होता, आकाशात चांदणे पसरले होते." सध्या ज्या मैत्रिणीबरोबर खेळतो ती लांबवालीच, पण तिने एक चांगलं केलंय, पात्राने प्रश्न विचारला की पोस्ट तिथेच तोडते, मग वरती पाऊस कितीही पाडू दे बापडी. परवा तर तिच्या सावकाराने अख्ख्या वाड्याचं वर्णन झाल्यावर शेवटी एवढंच विचारलं, "पैसे आणलेस?", आणि मी अजून उत्तर लिहितोय.