आमची वाटचाल : टाकी, फेस आणि एक गोल टेबल

आमच्या आयरिश पबची पहिली स्टाउट, म्हणजे काळी बीअर, आम्ही मोरीत ओतली. अख्खी टाकी! एका व्हॉल्व्हच्या रबरी गॅस्केटखाली जुन्या बीअरचा चिकट थर राहिला, जंतू तिथेच दडले आणि सगळं आंबलं. तेव्हा कळलं, मायक्रोब्रुअरी (बीअरचा छोटा कारखाना) म्हणजे मुख्यतः घासाघाशी.

दुसरी बॅच चवीला जमली. खरपूस भाजलेल्या बार्लीचा काळाकुट्ट रंग, कॉफीसारखा कडवटपणा. फेस मात्र सोड्याचा, बघता बघता विरणारा. आम्ही निव्वळ कार्बन डायऑक्साइडवर नळ चालवत होतो! आयरिश पद्धतीच्या स्टाउटला 70 ते 75 टक्के नायट्रोजनचं मिश्रण लागतं. नायट्रोजन बीअरमध्ये फारसा विरघळत नाही; नळातल्या बारीक भोकांच्या चकतीतून बीअर दाबाने आली की इवलेसे बुडबुडे सुटतात आणि फेस सायीसारखा धरतो.

हा ग्लास एका दमात भरत नाहीत. तिरपा धरून पाऊण भरायचा, ठेवून द्यायचा, मग वरचा भाग. दोनेक मिनिटं जातात. सुरुवातीला लोक वैतागायचे : ‘अहो, अर्धवट ठेवून कुठे चाललात?’ मग काउंटरवरचा मुलगा त्यांना बुडबुडे दाखवायचा. ते काचेलगत चक्क खाली जाताना दिसतात. ग्लास वर रुंद असल्यामुळे बुडबुडे मधून वर चढतात आणि कडेची बीअर खाली वाहताना काठचे बुडबुडे ओढून नेते. एकदा दोन अनोळखी माणसं एकाच ग्लासावर वाकून यावर वाद घालत होती. तासाभराने बघतो तर दोघं एकाच टेबलावर, मध्ये स्टूचं भांडं.

त्याच आठवड्यात मी काउंटरवरचा टीव्ही उतरवला. भागीदार आठ दिवस बोलत नव्हता. पुढे स्टेजही काढलं, कारण आयरिश सेशनमध्ये, म्हणजे लोकसंगीताच्या बैठकीत, फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि बोरान (हातात धरायची डफासारखी चर्मवाद्य) वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात, गिऱ्हाइकांकडे पाठ. त्यांना गोल टेबल दिलं. सेशन मुद्दाम मंगळवारी ठेवलं, आमचा सगळ्यात मंदीचा वार. आता त्या दिवशी उभं राहायला जागा नसते.

स्वयंपाकघरात मेनू निम्म्यावर आणला. मटण-बटाट्याचा स्टू राहिला आणि ताक-खायचा सोडा घालून केलेला सोडा ब्रेड. त्यात बीअर गाळून उरलेल्या मॉल्टचा मूठभर चोथा पडतो. 17 मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, कुणी ना कुणी हिरवी बीअर मागतंच. ती आम्ही करत नाही. हिरवी टोपी देतो.

गेल्या महिन्यात तिसरी टाकी आली. तिची गॅस्केटं मी स्वतः काढून धुतो.