कॅपस्टन: दोर न साठवता ओढणारा खांब

विंच आणि कॅपस्टन या जहाजावर दोर ओढणाऱ्या दोन यंत्रांत बरेच जण गल्लत करतात. विंचच्या ड्रमवर दोर गुंडाळला जातो आणि तिथेच साठतो. कॅपस्टनवर तो तीन-चार वेढे घेतो आणि पुढे निघून जातो. साठवण नसल्यामुळे दोन फायदे होतात. दोर कितीही लांब असला तरी अडत नाही. शिवाय थरावर थर चढून ड्रम जाड होत नाही, त्यामुळे ओढ शेवटपर्यंत एकसारखी राहते. आस उभा असेल तर कॅपस्टन, आडवा असेल तर विंडलास.

सगळी करामत घर्षणाची आहे. ड्रम लहान की मोठा, याने पकडीत फरक पडत नाही. वेढे किती आणि दोर किती घासतो, एवढंच महत्त्वाचं. घर्षण गुणांक ०.२५ धरला तर मोकळ्या टोकाला धरलेला जोर एका वेढ्याला जवळपास ५ पट होतो, दोन वेढ्यांना २३ पट आणि तिसऱ्याला १११ पट. म्हणजे समोर १ टन ताण असला तरी मागे नऊ-दहा किलोचा हात पुरतो. पण दोर गुळगुळीत असेल आणि गुणांक ०.१५ वर उतरला, तर त्याच तीन वेढ्यांना जेमतेम १७ पट मिळतात. आता मागे सुमारे ६० किलो लागतील आणि ते एका खलाशाच्या हाताचं काम नाही. पुन्हा १११ पट मिळवायला पाच वेढे घ्यावे लागतात. नव्या सिंथेटिक दोरांवर जुन्या सवयीने वेढे घेणारा इथेच फसतो.

ड्रमचा आकारही उगाच तसा नसतो. दोर खालून येतो, वरून जातो. प्रत्येक फेरीला नवा वेढा तळाशी शिरतो आणि जुन्यांना वर ढकलतो. मधे बारीक होत गेलेली कंबर आणि तिच्यावरच्या उभ्या पट्ट्या यांमुळे दोर पकडही धरतो आणि वरही सरकतो.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला जतन केलेल्या एचएमएस व्हिक्टरी या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर जुनी व्यवस्था समजून घेता येते. नांगराच्या दोराचा परीघ २४ इंच, म्हणजे व्यास सुमारे १९ सेंटीमीटर. एवढा जाड दोर कॅपस्टनला गुंडाळताच येत नाही. म्हणून कॅपस्टनभोवती एक पातळ, टोकं जोडलेला अखंड दोर फिरायचा, त्याला मेसेंजर म्हणत. नांगराचा दोर त्याला लागून चालवायचा आणि दोन्ही एकत्र आखूड दोऱ्यांनी आवळायचे. पोरं त्या दोऱ्या धरून दोरासोबत मागे चालत जायची, नांगराचा दोर खाली उतरायच्या जागी सोडायची आणि पुन्हा पुढे आणून द्यायची. दोर चिखलाने बुळबुळीत झाला की आवळणी निसटायची. माझ्या मते त्या काळच्या जहाजावरची ही सर्वांत देखणी कामाची जुळणी आहे.

एकाच आसावर दोन डेकांवर दोन माथे, त्यांच्या खाचांत लांब दांडे आणि दांड्यांना छाती लावून माणसं. अंदाज घ्या: १०० माणसं, प्रत्येकी १५ किलोचा रेटा, दांड्यावर सरासरी अडीच मीटर अंतर, ड्रमची त्रिज्या ४० सेंटीमीटर. कागदावर नऊ टनांहून थोडी जास्त ओढ येते. घर्षणात त्यातली बरीच जाते. दांड्यांची टोकं एका दोराने एकमेकांना बांधत, म्हणजे दांडा खाचेतून निसटत नसे. तळाशी लोखंडी खिट्ट्या प्रत्येक टप्प्याला खाली पडायच्या. त्या अडकल्या नाहीत आणि लाटेने जहाज उचललं, तर कॅपस्टन उलटा फिरून दांडे माणसांना झोडपून काढत. पुढे साखळी आली, ड्रमला तिच्या कड्यांच्या मापाचे खाचेदार चाक बसलं आणि मेसेंजर संपला.

आज डेकवर कॅपस्टन मुख्यतः जहाज धक्क्याला बांधताना लागतो. मोटर खाली, वर फक्त ड्रम. सर्वाधिक घात होतो तो वेढ्यावर वेढा चढल्याने. दोर तिरका आला किंवा मागचा माणूस ढिला पडला की नवा वेढा जुन्याच्या पाठीवर बसतो आणि दोर जाम होतो; मग ताण सोडताही येत नाही. तेव्हा ड्रम ताबडतोब थांबवायचा, ताणाखालच्या दोराला स्टॉपर (ताण धरून ठेवणारा आखूड दोर) मारायचा आणि मगच वेढे सोडवायचे. बोटं घालून वेढा उचलायचा नाही. ड्रमपासून किमान एक मीटर मागे उभं राहायचं आणि मोकळ्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. ताणलेला नायलॉन तुटला तर उलट फटकारतो, म्हणून त्याच्या रेषेतही थांबायचं नाही. फिरत्या ड्रमवर दोर उगाच घसरू देऊ नये. उष्णतेने सिंथेटिक धागे वितळून ड्रमला चिकटतात आणि पुढच्या क्षणी दोर झटक्याने सुटतो.

जमिनीवरचं मोठं उदाहरण रोमचं आहे. १५८६ साली वास्तुविशारद दोमेनिको फोंताना यांनी ३०० टनांहून जड व्हॅटिकनचा दगडी स्तंभ हलवला. ४० कॅपस्टन, सुमारे ९०० माणसं आणि घोडे. सगळ्यांची ओढ सारखी राहिली नाही तर स्तंभ तिरका होणार, म्हणून तुतारी वाजली की ओढायचं आणि घंटा वाजली की थांबायचं, असा नियम होता.

टेपरेकॉर्डरमधली बारीक स्टीलची दांडीही कॅपस्टनच. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पुढे जायची. रिळाने ओढली असती तर रीळ भरत जाईल तसा वेग वाढला असता, म्हणून वेग ही दांडी ठरवते आणि रबरी चाक फीत तिच्यावर दाबून धरतं. दांडीवर फितीची तपकिरी पूड साचली की आवाज डगमगतो. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसली की बहुतेकदा तक्रार मिटते.