दोनशे वीस की हजार?

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता हे पाचवं प्रकरण. शाळेतल्या मुलांना ते सोपं वाटतं: आकडेमोड थोडी, मार्क हमखास. माझ्या वर्गात मात्र शाळेतली मुलं नसतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी मोठी माणसं असतात. ठाण्यात वागळे इस्टेटला लागून किसननगर आहे, तिथे संध्याकाळी साडेसातला आमचा वर्ग भरतो. कोणी कंपनीतून थेट येतं, कोणी रात्रपाळीला जाता जाता, कोणी दोन घरच्या पोळ्या लाटून. अशा माणसांना लुडोच्या फाशाचं उदाहरण दिलं की ती ते वहीत उतरवून घेतात आणि मनात म्हणतात, ठीक आहे, परीक्षेपुरतं. त्या संध्याकाळी तसं झालं नाही.

सुरुवात नेहमीचीच होती. प्रयोगात जे जे घडू शकतं त्या सगळ्याचा संच म्हणजे नमुना अवकाश, हे फळ्यावर लिहून झालं. मग प्रश्न: दोन नाणी उडवली, किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती?

पॅकिंगला जाणाऱ्या एक ताई आहेत, त्या लगेच म्हणाल्या, "दोन छापे, एक छापा, नाहीतर एकही नाही. तीन गोष्टी, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. दोन तृतीयांश." घोडबंदरच्या एका टॉवरवर वॉचमन असलेला मुलगा वेगळ्या वाटेने तिथेच पोचला. "मॅडम, पहिल्याला छापा आला की काम झालं. दुसरं बघायचंच कशाला? छापा, नाहीतर काटा-छापा, नाहीतर काटा-काटा. तीनच."

हाच युक्तिवाद दालांबेर नावाच्या नामांकित फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात छापून ठेवला आहे, असं मी सांगितल्यावर वॉचमन जरा ताठ बसला. मग एक नाणं रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं घेऊन चारही शक्यता मांडल्या: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर तीन चतुर्थांश. वॉचमनच्या यादीतला पहिला 'छापा' एकटाच अर्ध्या वेळा येतो, बाकीच्या दोन गोष्टी उरलेलं अर्धं वाटून घेतात. यादी पूर्ण होती, पण तिच्यातल्या नोंदी समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नव्हत्या. हा शब्द पुस्तकात येतो आणि जातो. माझ्या मते अख्खं प्रकरण त्याच एका शब्दावर उभं आहे.

तोवर गप्प बसलेले अण्णा म्हणाले, "बाई, मग दोनशे वीस खोटे का?"

अण्णा साठीला टेकलेत. कंपनी कधीच बंद पडली, आता नातीबरोबर दहावी द्यायची असं घरी सांगून बसलेत.

"कसले दोनशे वीस?"

"पाने. मटक्याचे."

निम्मा वर्ग हसला, निम्म्याने मान वहीत घातली. अण्णा पोरसवदा होते तेव्हा कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर मटका लावणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव मुंबईत यायचे, त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. ते भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं, म्हणून मटका. १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो मुंबईत भलताच वाढवला. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा आहे, तरी गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात लावणाऱ्यांची कधी कमी नव्हती.

खेळ असा: शून्य ते नऊमधले तीन आकडे निघतात. ते चढत्या क्रमाने लावतात, शून्य मात्र शेवटी. हा झाला पाना. तिघांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. १, २ आणि ८ निघाले तर पाना १२८, बेरीज ११, ओपन एक. तिन्ही आकडे वेगळे असले की सिंगल पत्ती, दोन सारखे असले की डबल, तिन्ही सारखे असले की ट्रिपल.

"एकाचे पाने सांगा," मी म्हटलं. अण्णांनी डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसे म्हणायला लागले. एकशे अठ्ठावीस, एकशे सदतीस, एकशे शेहेचाळीस, दोनशे छत्तीस, दोनशे पंचेचाळीस, दोनशे नव्वद... वर्गसमीकरणाचं सूत्र काही केल्या ज्यांच्या लक्षात राहत नाही ते हेच अण्णा! मी फळ्यावर लिहीत गेले. सिंगल बारा, डबल नऊ, आणि एक ट्रिपल, ७७७. एकूण बावीस. दहा आकड्यांचे दोनशे वीस.

"म्हणजे एन एस, सगळ्या शक्यतांची संख्या, दोनशे वीस. कुठलाही पाना लावा, संभाव्यता दोनशे वीसात एक. असंच ना?"

"लागल्यावर मिळायचा तो भाव सगळ्या पानांना एकच होता का?" मी विचारलं.

"छे! डबलला सिंगलच्या दुप्पट. ट्रिपलला त्याहून बराच वर."

"का बरं?"

"सहजासहजी येत नाहीत ना..." एवढं बोलून अण्णा थांबले. येत नाहीत हे त्यांना टपरीवर बसल्यापासून ठाऊक होतं, फक्त दोनशे वीसच्या शेजारी ते कधी ठेवून पाहिलं नव्हतं.

आता मला हवी असलेली माहिती फक्त अण्णांकडेच होती. आकडे काढायचे कसे? ते म्हणाले, त्यांच्या आधी चिठ्ठ्या, त्यांच्या वेळी पत्ते. म्हटलं, आधी चिठ्ठ्यांचं बघू.

ताईंनी डब्याचा एक पुडा रिकामा करून दिला. वहीच्या कागदाच्या दहा चिठ्ठ्या केल्या, शून्य ते नऊ. वॉचमनने चिठ्ठी काढायची, आकडा सांगायचा, घडी करून परत टाकायची, डबा हलवायचा. तीन वेळा काढलं की एक खेळ. पहिल्याच खेळाला आठ, एक, दोन निघाले आणि अण्णांच्या तोंडून सवयीने आलं, "एकशे अठ्ठावीस."

"थांबा अण्णा, लावून घेऊ नका. निघालं तसं लिहा."

ताईंनी फळ्यावर ८१२ लिहिलं. तिथे गोष्ट उघडी पडली. १२८ हा पाना डब्यातून सहा तऱ्हांनी बाहेर पडू शकतो: १२८, १८२, २१८, २८१, ८१२, ८२१. ११९ तीनच तऱ्हांनी. ७७७ ला एकच वाट. चिठ्ठी लिहिणाऱ्यासाठी तिन्ही एकेक पाना आहेत, डब्यासाठी नाहीत. गुणाकार अण्णांनीच केला: एकशे वीस सिंगल गुणिले सहा, ७२०. नव्वद डबल गुणिले तीन, २७०. ट्रिपल १०. एक हजार. "हे तर शून्य शून्य शून्यपासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे आकडे झाले की," ते स्वतःशीच म्हणाले.

खरं कुठलं, हे डब्याला विचारता येतं. दोनशे वीस पाने सारखेच येत असतील तर शंभर खेळांत साधारण एक्केचाळीस डबल निघायला हवेत. हजार सारखे असतील तर सत्तावीस. फरक डोळ्यांना दिसण्याएवढा मोठा आहे. फळा भरेपर्यंत काढत राहिलो. डबल चारात एखादा येत होता. ट्रिपल एकदाही नाही.

तीन फाशांची बेरीज नऊ आणि दहा, दोन्ही सहा-सहा प्रकारांनी होते, तरी दहा जास्त वेळा कशी पडते, हे कोडं गॅलिलिओकडे आलं होतं. त्यालाही प्रत्येक प्रकार किती वाटांनी पडतो हेच मोजावं लागलं: २१६ मध्ये नऊच्या २५, दहाच्या २७. मला गॅलिलिओपेक्षा ते जुगारी जास्त थोर वाटतात. एवढासा फरक नुसतं खेळून त्यांच्या लक्षात आला होता!

"पण बाई, आमच्या वेळी पत्ते होते," अण्णांनी आठवण करून दिली.

चित्रं बाजूला, एक्का ते दश्शी, दश्शी म्हणजे शून्य. चाळीस पत्ते, त्यातून तीन. काढलेला पत्ता परत जात नाही, म्हणजे हजाराचाही हिशोब इथे चालणार नाही. फळा पुसला. १२८ साठी चारातला कुठलाही एक्का, कुठलीही दुर्री, कुठलीही अठ्ठी: चार गुणिले चार गुणिले चार, ६४. ११९ साठी चार एक्क्यांतले दोन: इस्पिक-बदाम, इस्पिक-किलवर, इस्पिक-चौकट, बदाम-किलवर, बदाम-चौकट, किलवर-चौकट, अशा सहा जोड्या. प्रत्येकीबरोबर चारांतली एक नव्वी, म्हणजे २४. ७७७ साठी चार सत्त्यांपैकी कुठली मागे राहिली एवढाच प्रश्न, म्हणून ४. वॉचमनने मोबाइलवर सगळं जमवलं: ७६८० अधिक २१६० अधिक ४०, एकूण ९८८०.

इथे आम्ही क्रम मोजलाच नाही, तरी चाललं. चाळीसातले कुठलेही तीन पत्ते हाती येण्याची शक्यता सारखीच असते, म्हणून चाललं. क्रम मोजायचा की नाही, हे विद्यार्थी नियमासारखं पाठ करतात आणि तिथेच फसतात. यादीतल्या नोंदी सारख्या वजनाच्या आहेत का, एवढंच विचारावं, आणि त्यासाठी वस्तू बाहेर कशी पडते हे माहीत असावं लागतं. पुस्तकात ते गृहीत धरलेलं असतं. टपरीवरच्या माणसाने ते पाहिलेलं असतं.

अण्णा आता भावाकडे वळले होते. चिठ्ठ्यांच्या हिशोबात सिंगल सहा वाटांनी, डबल तीन, म्हणजे दुप्पट भाव जुळतो. पत्त्यांत ६४ ला २४, म्हणजे डबलचा भाव अडीचपटीच्याही वर हवा.

"आमच्याकडे दुप्पटच होता," ते म्हणाले. "आमच्या खात्यातला एक जण फक्त डबल लावायचा. भाव चांगला म्हणून."

पुढे त्या माणसाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. नुसता ओपन लावणाऱ्याचं काय, असं मात्र विचारलं गेलं. तो हिशोब सोपा निघाला. चिठ्ठ्या असोत की पत्ते, प्रत्येक आकडा दहात एकदाच येतो: हजारात शंभर, किंवा ९८८० मध्ये ९८८. आणि मिळायचे रुपयाला नऊ. दहा रुपये लावले तर सरासरी एक रुपया तिकडेच.

बॅग उचलता उचलता वॉचमन म्हणाला, "आणि पत्ते काढणाऱ्याने आधीच ठरवलं असलं तर?"

"कशावर कमी पैसे लागलेत ते बघून काढतात, असं तेव्हाही बोलायचे," अण्णा म्हणाले.

तसं असेल तर ९८८० ची ती यादी फळ्यावरून पुसली तरी चालेल, एवढंच मी सांगितलं. त्याची घोडबंदरची बस निघायची वेळ झाली होती.

पेपरात हे येईल का, असं ताईंनी डबा लावता लावता विचारलं. मटका येणार नाही. चाळीस पत्तेही नाहीत, आले तर बावन्न. दोन नाणी मात्र येऊ शकतात.

"मग चार लिहायच्या, तीन नाही," म्हणत त्या चपला घालायला लागल्या.