आमची वाटचाल – एक लाल लडी आणि नवव्या ओळीतली चूक

आमचं भरतकामाचं किट उघडल्यावर बऱ्याच जणी विचारतात की ही पांढऱ्या कापडाची चिंधी कशाला टाकलीय, काही भरायचं राहिलंय का. नाही, राहिलेलं नाही. त्या चिंधीपायी आम्ही एकदा दुकान बंद करायच्या बेतात होतो, म्हणून ती आहे. पण ते नंतर.

सुरुवात माझ्या वाईट सवयीतून झाली. मी आयुष्यात एकही टेबलक्लॉथ पूर्ण केला नाही. टाका शिकला की मला तोच टाका दुसऱ्या दोऱ्यात कसा दिसेल हे बघायची घाई, मग तिसऱ्या दोऱ्यात, मग तिरप्या रेषेवर, मग वळणावर, आणि तोवर मूळ काम कपाटात जायचं. एका पट्टीवर मी नुसता साखळी टाका ९ प्रकारे घातला होता, सहा पदरी, तीन पदरी, एकेरी, पर्ल कॉटन (पीळदार सुती दोरा) पाच नंबर, आठ नंबर, बारा नंबर (नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे नवीन लोकांना उलटं वाटतं, सुईचंही तसंच), लोकर, रेयॉन, आणि एक चंदेरी दोरा ज्याने माझा अंत पाहिला. घरचे म्हणायचे हिचं सगळं अर्धवट. जाऊबाईंनी तो ढीग एकदा नीट उलगडून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, लोकांना हेच पाहिजे असेल, तयार फुलं तर कुठेही मिळतात." त्यांना स्वतःला सुई ओवायचा कंटाळा, आजही आहे, पण हिशेब, दोरे कापणं, मोजणं, पुड्या बांधणं हे सगळं त्यांचं. आमच्या धंद्याला पार्टनर म्हणा, मालक म्हणा, त्याच आहेत, मी कामगार.

तर आम्ही सॅम्पलरची, म्हणजे टाक्यांच्या नमुन्यांच्या पट्टीची, किटं करायला लागलो. लांब अरुंद लिननची पट्टी, आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत एक टाका आणि त्याचे दोन-तीन अवतार. चौकोनी का नाही असं विचारतात. जुने बँड सॅम्पलर असेच अरुंद असायचे, गुंडाळून ठेवायचे आणि अडलं की उलगडून बघायचे, ती भिंतीवर लावायची वस्तू नव्हती, ती वही होती. माझंही मत तेच आहे. फ्रेम करून काचेमागे गेलेल्या सॅम्पलरचा कुणाला काय उपयोग?

आता थोडं सुयांबद्दल, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. बुलियन नॉट (सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन घालायची लांबट गाठ) जमत नाही म्हणून रडणाऱ्या दहांतल्या आठ जणी भरतकामाची नेहमीची सुई वापरत असतात. तिचं नेढं दांड्यापेक्षा रुंद असतं, गुंडाळलेल्या वेढ्यांतून ती जाताना अडकणारच. मिलिनर्स सुई घ्या, तिचं नेढं दांड्याइतकंच असतं, सरकन निघते. फ्रेंच नॉट, म्हणजे छोटी गोल गाठ, मोठी हवी असेल तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा, वेढे वाढवले की गाठ एका कुशीवर कलंडते. आणि सहा पदरी दोरा एकदम ओढून दोन भाग करू नका हो, एकेक पदर वरून सरळ ओढून काढा आणि मग हवे तितके परत एकत्र करा, टाका भरगच्च बसतो. हे मी प्रत्येक पत्रकात लिहिते आणि कुणीही वाचत नाही.

एक आजी वाचतात. त्या आमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांतल्या. डावखुऱ्या. पहिलं किट पूर्ण करून त्यांनी मला फोटो पाठवला तो उलट्या बाजूचा, म्हणजे मागची बाजू, आणि खाली लिहिलं की पुढची सगळेच दाखवतात. मागची बाजू माझ्यापेक्षा साफ होती. मग फोन. "बाळा, तुझा स्टेम स्टिच, तो देठाचा टाका, दोरीसारखा दिसतो आणि माझा सपाट येतो, दोरा वेगळा दिलास का?" दोरा तोच होता. मी दोन दिवस डाव्या हाताने टाके घालून बघितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डावखुरा माणूस आरशातल्यासारखं उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे टाक्याची तिरकी उलटी होते, पण दोऱ्याचा पीळ काही उलटा होत नाही, तो कारखान्यात पडलेला असतो. मग टाका आणि पीळ यांचं जमत नाही. उपाय सोपा, दोरा सुईच्या खाली धरण्याऐवजी वर धरायचा. त्या दिवसापासून आमच्या पत्रकात डावखुऱ्यांसाठी वेगळं पान आहे. "आता मला वेगळं पान मिळालं म्हणजे मी म्हातारी झाले की मोठी झाले?" असं आजी म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, तुम्ही आमच्या टेस्टिंग डिपार्टमेंट झालात.

मग सहा वर्षं बरी गेली.

सातव्या वर्षी एकदम ३०० किटांची मागणी आली आणि आमचा नेहमीचा लाल संपला. सॅम्पलरची बॉर्डर लाल, दोन ओळी लाल, त्याशिवाय किट जाऊ शकत नव्हतं. दुसऱ्या एकाकडे अगदी तसाच लाल मिळाला, शेजारी ठेवला तर मलाही फरक कळेना. आमचा नियम होता की नवीन लडी आली की तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून रात्रभर ठेवायचा. त्या आठवड्यात मी तो पाळला नाही. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर सहा वर्षांत एकदाही रंग गेला नव्हता म्हणून माज आला होता. जाऊबाईंनी विचारलं होतं, "दाबून बघितलंस ना?" मी म्हटलं हो. हे मी इथे पहिल्यांदा लिहितेय, त्यांना माहीत आहे, पण इतरांना नाही.

पुढचे चार महिने शांत, कारण सॅम्पलर भरायला तेवढा वेळ लागतो. मग लोकांनी ते धुतले. पहिला फोन आजींचाच. "अगं, सगळं गुलाबी झालंय." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यात भर म्हणजे आमच्याच पत्रकात लिहिलं होतं, धुऊन उलट्या बाजूने इस्त्री करा. बाकीच्यांनी केली. रंग पसरला असेल तर इस्त्री म्हणजे शेवट, उष्णतेने डाग कापडात पक्का बसतो. आजींनी मात्र केली नाही, पट्टी वाळूही दिली नाही, गार पाण्यात बुडवून दर तासाला पाणी बदलत बसल्या दिवसभर, आणि बराचसा रंग उतरवला. तोच उपाय मी मग सगळ्यांना कळवला, पण ज्यांची इस्त्री झाली होती त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं. चार महिन्यांचं काम होतं ते, एकेकीचं.

पैसे परत करायला लागलो तशी गंगाजळी आटली. आणि नेमकं याच वेळी ते दुसरं प्रकरण.

नाव घेणार नाही. मोठे विक्रेते, आमच्याकडून ५० किटं 'ट्रायल' म्हणून घेतलेली, दर आठवड्याला फोन, किती छान, किती छान. रंगाचं प्रकरण झाल्यावर फोन बंद. नंतर कळलं की तेच सगळीकडे सांगत होते, यांचा रंग जातो. आता ते खोटं नव्हतं, त्या ३०० किटांचा गेलाच होता, त्यामुळे मी काय बोलणार. पण मग त्यांचं स्वतःचं किट आलं. लांब पट्टी, लिनन, तेवढ्याच ओळी, क्रमही तोच. मी विचारलं तर उत्तर आलं की टाके काय कुणाच्या मालकीचे असतात का, ही परंपरा आहे.

बरोबर आहे. टाका कुणाचाच नसतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉकचा १५९८ सालचा सॅम्पलर आहे, त्यातले टाकेही तिने शोधलेले नसणार, कुणीतरी दाखवले असतील. पण माझ्या नवव्या ओळीत एक चूक आहे. फेदर स्टिच हा फांद्या फुटल्यासारखा टाका, डावी-उजवी-डावी-उजवी असा जातो. रात्री उशिरा ट्रेस करताना मी सातव्या फांदीनंतर परत त्याच बाजूला फांदी काढली. छापून आल्यावर दिसलं, आजी म्हणाल्या राहू दे, तुझी सही आहे ती, म्हणून राहिली. त्या विक्रेत्यांच्या किटात नववी ओळ, सातव्या फांदीनंतर, त्याच बाजूला दोन. परंपरा म्हणे! टाके परंपरेतून आले असतील, ती फांदी माझ्या झोपेतून आलीय.

वकील वगैरे केला नाही, तेवढी ताकदच नव्हती. जाऊबाईंनी त्यांची बांगडी मोडली (हे मला सहा महिन्यांनी कळलं) आणि आम्ही ३०० जणींना चांगल्या लाल लड्या आणि कापडाची नवी पट्टी पाठवली, आणि सोबत एक पांढरी चिंधी, जिच्यावर त्याच लडीचा तुकडा ओला करून रात्रभर दाबला होता. चिंधी कोरी आहे, बघून घ्या, एवढंच लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक किटात चिंधी जाते. कधीकधी एखादी पुसट रेघ दिसते ती आमच्या निशाणीच्या पेनची आहे, पाण्याने जाते. पेनवरून आठवलं, उष्णतेने गायब होणारी शाई वापरणाऱ्यांनी आपलं काम एकदा फ्रीझरमध्ये ठेवून बघावं, रेघा परत येतात. मग मला फोन करू नये.

ते मोठे विक्रेते अजून आहेत. त्यांनी मध्ये नववी ओळ दुरुस्त केली असं कळलं, म्हणजे वाचतात ते कुठेतरी. आम्ही केली नाही.

सध्या नवीन पट्टीची तयारी चालू आहे, सगळी लालच, एकाच टाक्याच्या १६ लालांच्या ओळी, आजींची कल्पना. त्यांच्या हाताला आता कंप आहे म्हणून त्या स्वतः जाड लोकर आणि मोठ्या नेढ्याची शेनिल सुई घेऊन बसतात आणि मला फोनवरून सूचना देतात. काल रात्री सोळाही लड्यांचे तुकडे ओले करून पांढऱ्या कापडात घातलेत, वर वजन म्हणून जाऊबाईंनी इस्त्री ठेवलीय, बंद. दोनदा प्लग बघून गेल्या.