ड्रेन प्लगवरचा पिवळा ठिपका

"गेर बीळवल्दु री," ड्रायव्हर पोरगा म्हणाला. गिअर पडत नाही. पोरगा बैलहोंगलकडचा. मराठी सगळं कळतं, पण तक्रार कन्नडमध्येच करतो. आमच्या खानापूर रोडच्या गॅरेजात हे वाक्य दोन्ही भाषांत रोज ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा दोष क्लचचा निघतो. म्हणून सवयीनं क्लचच बघायला घेतला.

तात्या स्वतः सोबत आले होते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. गाडीबरोबर मालक कधी येत नाही. तात्यांची डिझेल पिकअप आठवड्यातून तीनदा बेळगावच्या मार्केटातून भाजी भरून रात्री निघते, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरते आणि उजाडायच्या आत म्हापशाला पोचते. आदल्या रात्री घाट उतरताना तिसऱ्यातनं दुसरा टाकायला गेला तर करकर आवाज आला आणि दांडा मधेच राहिला. परत तिसराही घेईना. गाडी न्यूट्रलला, मागं कोबी-फ्लॉवर. कागदावर सव्वा टनाची गाडी; त्या रात्री किती भरलं होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नुसत्या ब्रेकवर दोन वळणं काढली. लायनर जळल्याचा वास गाडी माझ्याकडे आली तेव्हाही येत होता.

जुने ड्रायव्हर असते तर डबल क्लच मारून, मधे थोडी रेस देऊन दुसरा घातला असता. आताच्या पोरांना ते कुणी शिकवलेलंच नाही. दात जुळवायचं काम आतली पितळेची सिंक्रो रिंग करते, तिच्या भरवशावर सगळे.

क्लच ठीक निघाला. मग गिअरबॉक्सचं तेल काढायला घेतलं. यातली एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते: आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करायचा, मगच खालचा ड्रेन प्लग. खालनं तेल सोडून बसलात आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथंच मुक्कामाला. ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा राखाडी थर बसतो, तो लोखंडाचा भुगा. थोडा असला तर चिंता नाही. पण पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणून मी तेल पांढऱ्या परातीत घेतो आणि उन्हात धरतो. त्या दिवशी परातीत साडीच्या पदराची जर विरघळावी तसं सोनेरी काहीतरी फिरत होतं. बोटांत चोळलं तर खरखर नाही. अगदी बारीक पीठ.

प्लग पुसला, तर त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका.

प्लग आवळून झाला की मी प्लग आणि केसिंग दोन्हींवर मिळून पिवळ्या पेंटचा एक ठिपका देतो. तो तुटलेला दिसला तर प्लग फिरलाय असं समजायचं. आमच्या रस्त्याला हे दुसरं कुणी करत नाही. म्हणजे हे तेल मीच घातलेलं.

वही काढली. चौदा महिन्यांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात: १,१२,००० किमी, 'गिअर + डिफ, ८०-९०, जीएल-५, एक डबा'. डिफ म्हणजे डिफरन्शियल, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर. आता काट्यावर १,५१,००० होते.

हे नंबर काय ते सांगतो, कारण काउंटरवरसुद्धा ते कुणाला नीट माहीत नसतात. आमच्याकडे लोक 'नव्वद नंबर' नाहीतर 'एकशेचाळीस नंबर' मागतात आणि नंबर मोठा म्हणजे तेल भारी असं धरून चालतात. नव्वदचं गिअर ऑइल हे चाळीसच्या इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असतं, असं मलाही पहिली पाच वर्षं वाटायचं. तसं नाही. दोन्हीच्या पट्ट्याच वेगळ्या आहेत, चपलेचा नंबर आणि शर्टाचा नंबर असतो तशा. शंभर डिग्रीला नव्वदचं गिअर ऑइल साडेतेरा ते साडेअठरा सेंटीस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) भरतं, आणि चाळीसचं इंजिन ऑइल साडेबारा ते सव्वासोळा. जवळजवळ सारखंच. (एकशेचाळीस मात्र खरंच जाड. जुनी गाडी विकायच्या आधी डिफरन्शियलची घूंघूं दाबायला ते घालतात. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक खूश, नंतर माझ्याकडे.)

जाडीपेक्षा महत्त्वाचं ते जीएल, म्हणजे तेल कुठल्या कामाचं तो नंबर. डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, त्यांचे दात एकमेकांवर दाबाखाली घसटतात. म्हणून तिथं गंधक-फॉस्फरसवालं कडक तेल लागतं, ते जीएल-५. डबा उघडल्यावर जो कुजका वास येतो तो त्या गंधकाचाच. जीएल-४ मध्ये हेच औषध साधारण निम्मं. आता सिंक्रो रिंग पितळेची. तिच्या आत बारीक आटे असतात. ते तेलाचा पापुद्रा खरवडतात आणि गिअरच्या स्टीलच्या कोनाला, म्हणजे निमुळत्या शंकूला, धरतात. तिला घर्षण हवंच असतं, आणि जीएल-५ घर्षण मारतं. शिवाय तापल्यावर त्यातलं गंधक तांब्या-पितळेवर काळसर थर धरतं. तो सुटताना थोडं पितळ घेऊनच सुटतो. पाच हा चारपेक्षा वरचा नंबर, पण पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं, असा त्याचा अर्थ नाही.

हे मला चौदा महिन्यांपूर्वीही माहीत होतं. लाज वाटते ती याची. त्या दिवशी बॉक्सचं जीएल-४ दुकानात नव्हतं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "पाच न्या की ओ, वरचंच हाय." पाच लिटरचा डबा होता. दोन्हीकडचं मिळून बरोब्बर एका डब्यात बसतं, उरत नाही, दुसरा डबा फोडावा लागत नाही. बाहेर तात्या चहा घेत थांबले होते. घातलं.

बॉक्स उतरवून उघडायला दुपार झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या रिंगा आतून गुळगुळीत, आटे दिसेनात. रिंग कोनावर दाबली की मधे फट राहायला हवी. इथं फट मोजायच्या फीलर गेजची ०.३ मिलिमीटरची पातीही शिरेना. बाहेरच्या दातांची टोकं गोटीसारखी गोल झाली होती.

उद्यमबागेतल्या आमच्या उस्तादांना फोन केला. ते हसले. "अरे, आमी बॉक्समध्ये इंजिन ऑइल घालून गाड्या पळवल्यात. बॉक्स तेलानं मरत न्हाई, ड्रायव्हरनं मरतोय." आणि त्यात तथ्य आहे, म्हणूनच हे लिहायला बसलोय. या गाडीवर वर्षभरात तीन ड्रायव्हर बदलले. आताचा पोरगा चालवताना दांड्यावर हात टाकून बसतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्या भारानंही आतला गिअर सरकवणारा फोर्क घासत राहतो. लोड तर विचारूच नका. शिवाय आताची काही जीएल-५ तेलं पितळेला पूर्वीसारखी खात नाहीत, हेही खरं. मग ३९,००० किलोमीटरमध्ये किती पितळ माझ्या डब्यानं खाल्लं आणि किती त्या पोराच्या हातानं?

एक उद्योग केला. जुन्या रिंगेचे दोन तुकडे घासून लख्ख केले, एक जीएल-४ मध्ये आणि एक जीएल-५ मध्ये बुडवला आणि गॅरेजच्या शेगडीवर मंद आचेवर ठेवले. प्रयोगशाळेत तांब्याची पट्टी १२१ डिग्रीला तीन तास ठेवतात म्हणे. माझ्याकडे ना थर्मामीटर, ना तेवढा धीर. शेजारचा पंक्चरवाला वासानं शिव्या घालायला लागला. दोन्ही तुकडे काळवंडले. पाचातला थोडा जास्त. की मला तसं दिसायचं होतं?

तात्यांना सांगायचं की नाही, यात एक रात्र गेली. न सांगता भागलं असतं. रिंगा झिजतात, कोण विचारतंय. सकाळी ते आले तेव्हा वहीच समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, ड्रायव्हरच्या हातासकट.

तात्यांनी वही बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "म्हणजे निम्मं तुजं, निम्मं त्येचं. आणि पैसं सगळं माजं?"

मजुरी मी घेतली नाही. रिंगांचे आणि बेअरिंगचे त्यांनी दिले, कुरकुर करत. पोराला कामावरून काढलं नाही, पण त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याचं मला जास्त लागलं. घाटात ब्रेकवर गाडी उभी करणारा तोच होता.

बॉक्स भरायला योग्य तेल बेळगावात चार दुकानं फिरून मिळालं नाही. शेवटी कोल्हापूरच्या मित्रानं दोन लिटर बसनं पाठवलं, ८०-९०, जीएल-४. डिफला पहिल्यासारखंच पाच. डिफचं तेल चहाच्या रंगाचं निघालं होतं, पावसात पुलावरच्या पाण्यातनं गाडी नेली की तापलेला अ‍ॅक्सल ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी ओढतो. ते धुऊन घेतलं, ब्रीदर बदलला. दोन डबे, दोन नोंदी, प्लगवर नवा ठिपका.

परवा तात्या इंजिन ऑइल बदलायला आले. तात्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी डबा उघडायला घेतला तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, डबा स्वतःकडे फिरवला आणि लेबलवर बोट फिरवायला लागले.

"चार कुठं लिवलंय?"

"तात्या, हे इंजिनचं आहे. याच्यावर जीएल-चार नसतं."

"दाव मग, काय असतंय."

मी बसलो आणि सगळं लेबल वाचून दाखवलं.