रिकाम्या सीटचं माप

घरी जोडलेल्या किट कारमध्ये सगळा जीव इंजिनात ओतलेला असतो आणि सीट बसते शेवटच्या रविवारी, हा माझा आजवरचा अनुभव. ही गाडी त्याला अपवाद होती.

लोकांना वाटतं आम्ही गाड्या तपासणारे सीटचा पट्टा ओढून बघतो आणि सही करतो. खरं तर आम्ही टॉर्च घेऊन गाडीखाली उताणे पडलेलो असतो. पट्टा सहसा दगा देत नाही, दगा देते त्याची जखडण. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला नुसते मोठे वॉशर लावून सीट कसली, तर धक्क्यात वॉशरसकट बोल्ट पत्रा फाडून वर येतो. चौकोनी पाइपातून बोल्ट आरपार घालायचा तर आत पोलादी नळी वेल्ड करावी लागते. नाहीतर आवळताना पाइपच चेपतो आणि थोड्याच दिवसांत बोल्ट सैल. ही गाडी जोडणाऱ्या गृहस्थांनी नळ्या घातल्या होत्या. सीटच्या बोल्टांखाली ३ मिमीच्या पोलादी पट्ट्या, प्रत्येकी ४० चौ. सेंमी. हार्नेसचे, म्हणजे खांदे-कंबर धरणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट ७/१६ इंची, नटाबाहेर दोन आटे दिसणारे. मला तर गाडीखालीच हसू फुटलं, आनंदानं!

फक्त सीटचे बोल्ट चकचकीत स्टेनलेसचे. दिसायला देखणे, पण ए२-७० हा त्यांचा ताकदीचा दर्जा ८.८ दर्जाच्या साध्या काळ्या बोल्टापेक्षा कमी. त्यांनी तिथल्या तिथे बदलले.

मग खांद्याचे पट्टे. एफआयएच्या, म्हणजे मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, नियमात पट्टा सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून मागे उतरताना आडव्या रेषेशी ४५ अंशांहून जास्त कोन नको, शक्यतो १० च्या आत. कोनमापकावर ९ आले. मी पेन काढलं.

गाडी बाहेर घ्यायला म्हणून ते आत बसले, हौसेनं पट्टेही लावले. मी मागे उभा होतो. त्यांचे खांदे सीटच्या पाठीपेक्षा चांगले चार बोटं वर! पट्टा खांद्यावरून आधी सरळ खाली, मग कडेवरून मागे. टक्कर झाली तर तो माणसाला मागे धरण्याआधी खांदे खाली दाबणार, आणि तो भार मणक्यावर.

"पुस्तिकेतल्या मापानंच केलंय हो," ते म्हणाले. खरंच होतं. "मग माझं चुकलं कुठे?"

यावर काय सांगणार? उंची जास्त, हे लिहायला फॉर्मात रकाना नाही. सही केली नाही. सीट पुढे-मागे सरकवणारे खालचे रनर काढून ती खाली घ्या किंवा उंच पाठीची सीट बघा, म्हटलं. सहकारी नंतर म्हणाला, "नियमात बसत होती ना? मग?" त्यानं पास केली असती, आणि कागदावर तोच बरोबर ठरला असता.

पंधरा दिवसांनी ते रनर काढून आले. खांदे कडेच्या पातळीला, पास. त्या रात्री मी जुन्या फॉर्मांच्या प्रती काढून बसलो. ९ अंश, ७ अंश, ११ अंश. सगळी मापं रिकाम्या सीटची, सगळ्या सह्या माझ्याच.