ऊती ओळखण्याचा सराव: अभिस्तर आणि संयोजी पूर्ण, स्नायू चालू

तयार स्लाइडांवरून मानवी ऊती ओळखण्याच्या सरावात अभिस्तर आणि संयोजी ऊतींचा टप्पा पूर्ण झाला असून सध्या स्नायू ऊतींचे काम चालू आहे. चेता ऊती जवळजवळ तशीच बाकी आहे. आतापर्यंत सर्वांत उपयोगी ठरलेली पद्धत अशी, की पेशींच्या आकाराकडे वळण्याआधी दोन पेशींच्या मध्ये काय आहे ते पाहावे. अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की मध्ये जागा अशी उरतच नाही, कारण आच्छादन घालणे आणि आरपार काय जाऊ द्यायचे ते ठरवणे हेच तिचे काम आहे. संयोजी ऊतीत याउलट पेशी विरळ आणि त्यांच्यामधले आधारद्रव्य भरपूर असते, कारण भार पेलण्याचे आणि जोडून ठेवण्याचे काम तेच करते.

संचातील बहुतेक स्लाइड हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या आहेत, म्हणजे केंद्रके निळी-जांभळी आणि पेशीद्रव्य व कोलॅजेन (संयोजी ऊतीतील तंतुमय प्रथिन) गुलाबी दिसते. मापासाठी लाल रक्तपेशी पुरते. तिचा व्यास सुमारे 7 ते 8 मायक्रोमीटर असतो आणि एखादी रक्तवाहिनी बहुतेक छेदांत सापडतेच.

अभिस्तर ऊतीत थरांची संख्या पाहिली की कार्याचा अंदाज येतो. फुफ्फुसातील वायुकोशांचे अस्तर चपट्या पेशींच्या एकाच थराचे असल्याने ऑक्सिजनला रक्तापर्यंत पोचण्यासाठी फार थोडे अंतर कापावे लागते, तर अन्ननलिकेत घर्षण सोसायचे असल्यामुळे थरांवर थर रचलेले असतात आणि वरचे झिजले की खालून नवे येतात. श्वासनलिकेची स्लाइड मला सर्वांत देखणी वाटते: केंद्रके वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे अनेक थर असल्याचा भास होतो, पण प्रत्येक पेशी तळपटलाला, म्हणजे अभिस्तराखालच्या पातळ पडद्याला, टेकलेली असते, वरच्या कडेला रोमके (केसांसारखे बारीक धागे) आणि मध्ये मध्ये श्लेष्मा स्रवणाऱ्या फुगीर पेशी दिसतात.

याच स्लाइडवर जरा खाली सरकले की कास्थी लागते, त्यामुळे संयोजी ऊतीकडे वळण्यासाठी हीच स्लाइड सोयीची. कास्थीत पेशी एकेकट्या किंवा लहान गटांनी पोकळ्यांत बसलेल्या असतात आणि आत रक्तवाहिन्या नसतात. पोषण आधारद्रव्यातून झिरपत येते, म्हणूनच कास्थीची इजा अतिशय सावकाश भरते. अस्थीत मात्र कॅल्शियमचे क्षार साठल्यामुळे असे झिरपणे शक्य नसते, आणि तेथे हॅवर्सच्या नलिकांतून रक्तवाहिन्या जातात व भोवती वर्तुळाकार पापुद्रे रचलेले असतात. घासून पातळ केलेल्या, न रंगवलेल्या हाडाच्या स्लाइडवर ही वर्तुळे फार स्वच्छ दिसतात. मेद ऊतीत रिकामी कडी दिसतात, कारण स्लाइड तयार करतानाच्या द्रावकांत चरबी विरघळून जाते. रक्तसुद्धा याच गटात मोडते. त्याचे आधारद्रव्य द्रव आहे, एवढाच फरक. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा यांनी सूक्ष्मदर्शकावर विश्वास न ठेवता, विच्छेदन करून, उकळून आणि वाळवून 21 प्रकारच्या ऊती सांगितल्या होत्या. अस्थी आणि कास्थी त्यांच्या यादीत वेगळ्या होत्या, आणि नुसत्या हाताने पारखणाऱ्याला त्या एका कुळातल्या वाटणार नाहीत, हे सहज पटते.

स्नायूंमध्ये केंद्रकांची जागा पाहणे पुरेसे ठरते. कंकाल स्नायूचा तंतू लांब असून त्याची अनेक केंद्रके कडेला असतात. हृदय स्नायूत तंतूंना फाटे फुटतात, केंद्रक मध्यभागी असते आणि पेशींच्या जोडांवर आडव्या गडद रेषा दिसतात. विद्युत संकेत याच जोडांतून पेशीपेशींत पसरतो आणि हृदय एकसंधपणे आकुंचन पावते. कंकाल स्नायूवरील आडवे पट्टे 400 पट वर्धनालाही फिके वाटत असतील, तर कंडेन्सरखालचा (स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालचा) उघडझाप होणारा पडदा थोडा मिटावा. प्रकाश कमी होतो, पण पट्टे उठून दिसतात.

खरी अडचण अरेखित (पट्टे नसलेला) स्नायू, स्नायुरज्जू (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि चेता यांच्या उभ्या छेदांची आहे, कारण तिन्ही गुलाबी आणि समांतर दिसतात. अरेखित स्नायूत केंद्रक तंतूच्या आत असते आणि आकुंचित अवस्थेत पीळ पडल्यासारखे दिसते. स्नायुरज्जूत केंद्रके कमी, अतिशय बारीक आणि कोलॅजेनच्या जुड्यांमध्ये दबलेली असतात. चेतेत तंतू नागमोडी असतात आणि मायलिनमधील (तंतूंभोवतीच्या आवरणातील) मेद निघून गेल्याने फेसाळ जागा उरतात. पुढच्या कामासाठी आतड्याच्या भित्तीचा छेद निवडला आहे. तिच्यात चारही ऊती एकत्र मिळतात, आणि स्नायूच्या आडव्या व उभ्या थरांच्या मध्ये चेतापेशींचे लहान पुंजके असतात. मोठे फिकट केंद्रक आणि त्यातील ठळक केंद्रिका या खुणांवरून ते शोधायचे आहेत.